कोंबडी खुडूक झाली आहे की आजारी? पाच दिवस खोक्यातून उठत नाही

पडवी_भांडुप

भांडुपला बैठं घर आहे, मागे दहा बाय आठची पडवी, तिथे लाकडी खुराडं. चार गावठी कोंबड्या. कोंबडा ठेवलेला नाही, पहाटे चारला आरवला की शेजारी दारात उभे.

त्यातली तांबडी, वय सव्वा वर्ष, पाच दिवस घरट्याच्या खोक्यातच बसून आहे. आधी दिवसाआड अंडं द्यायची, आता एकही नाही. हात नेला की फुगते आणि गुरगुरते. तुरा लालभडक होता तो फिका पडलाय. दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकते, पण सध्या ऑक्टोबरचं ऊन असं आहे की माणसंही तेच करतायत. खोक्यासमोर भरडा ठेवला तर चोच लावत नाही. बाकी तिघी ठणठणीत.

सासूबाई म्हणतात खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली; मुलगा म्हणतो बर्ड फ्लू. मला दोन्हीची लक्षणं सारखीच वाटतात: बसून राहणं, न खाणं, अंडं बंद. नेमका फरक कशावरून ओळखायचा? आणि किती दिवस वाट बघावी?

उत्तनकर

खुडूक की आजारी हा प्रश्न उद्यावर ढकलता येतो, अडकलेलं अंडं ढकलता येत नाही. ते आधी निकालात काढा.

अंडं अडकलेली कोंबडीसुद्धा घरट्यात जाते, पण ठाण मांडून बसत नाही. आत जाते, बाहेर येते, परत जाते. शेपटी खाली पाडून हलवते, कळा दिल्यासारखं करते. उभी राहिली तर पाय फाकवून, अंग मागे टाकून, पेंग्विनसारखी. विष्ठा थांबते किंवा नुसतं पांढरं पाणी गळतं, कारण आतलं अंडं बाजूचं आतडं दाबून धरतं.

तपासायला दोघं लागतात. एकाने कोंबडी काखेत धरायची, पंख बंद, डोकं मागच्या बाजूला. दुसऱ्याने शेपटीखाली, दोन टोकदार हाडांच्या खालचं पोट बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपायचं. अंडं असेल तर गुळगुळीत कडक गोळा लागतो. जोर लावायचा नाही. आत अंडं फुटलं तर कवचाच्या धारेने नळी चिरते आणि मग कोंबडी वाचवणं फार अवघड. खात्री हवी असेल तर हातमोजा घालून, बोटाला खोबरेल तेल लावून, गुदद्वारातून दोन पेरं सरळ आत. तेवढ्या अंतरात बहुतेक वेळा लागतं.

लागलंच, तर टबात बाळाच्या अंघोळीला असतं तितपत कोमट पाणी घ्या, पोट बुडेल इतकं, आणि १५ ते २० मिनिटं तिला त्यात बसवा. मग टॉवेलने कोरडी करून अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी ठेवा. दोन-तीन तासांत आलं नाही तर पुन्हा एकदा. त्यानंतर मात्र डॉक्टरच. चोवीस तासांच्या पुढे घरचे प्रयोग करू नयेत.

तुमची पाच दिवस बसून अजून गुरगुरतेय, म्हणजे शक्यता कमी आहे. इतके दिवस अंडं अडकलं असतं तर गुरगुरायची ताकद राहिली नसती. तरी हात लावून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

वळचण

उत्तनकरांनी सांगितलेलं करून झालं की पुढचं.

खोक्यात बसलेल्या कोंबडीकडे नुसतं बघून काही कळत नाही. खुडूक कोंबडीही तिथे आजाऱ्यासारखीच दिसते: डोळे अर्धे मिटलेले, अंग चपटं पसरलेलं, खाण्याशी घेणंदेणं नाही. खोक्यासमोर भरडा ठेवून ती खाते का बघणं ही चाचणीच नव्हे. खुडूक कोंबडी बसल्या जागी सहसा खात नाही, आणि बसल्या जागी घाण तर मुळीच करत नाही, अंडी खराब होतील म्हणून. तिला उचलून बाहेर ठेवा आणि मग बघा.

सकाळी सात-साडेसातला, ऊन चढायच्या आत. दोन्ही हात पोटाखालून घालून उचला. पंखाखाली एखादीचं अंडं दाबून धरलेलं असतं, ते आधी काढा. खोक्यापासून आठ-दहा फुटांवर जमिनीवर ठेवा. शेजारी पाणी आणि मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी. बाकीच्या तिघींना तेवढा वेळ बंद करा, नाहीतर त्या सगळं फस्त करतील. आता घड्याळ लावून लांब बसा.

खुडूक असेल तर पहिलं मिनिटभर, कधी दोन-तीन मिनिटं, ठेवली तशी गोळा होऊन बसते. याच क्षणी लोक घाबरतात. थांबा. एकदम अंग झाडते, पिसं फुलवून उठते, कुडुक-कुडुक करत फिरायला लागते आणि एक भलीमोठी विष्ठा टाकते. लिंबाएवढी, आणि वास असा की नाक धरावं लागतं. दिवसभराचं साठवलेलं असतं ते. मग खाणं सुरू, तेही घाईघाईत, पाठीमागे कुणी लागल्यासारखं. पाणी पिते, जमलं तर मातीत लोळते, आणि पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात तडक खोक्याकडे परत.

आजारी कोंबडी ठेवली तिथेच राहते किंवा भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते. मान खांद्यात ओढलेली, शेपटी खाली, पंख लोंबलेले. दाणा उचलते आणि सोडून देते. परत खोक्यात जायची तिला घाई नसते; ती खोक्यात बसली होती कारण तिथे अंधार होता आणि कुणी छळत नव्हतं. उचलताना तिने अंग सैल सोडलं असेल तर तेही लक्षात ठेवा. खुडूक कोंबडी चिडते. आजारी कोंबडीला चिडायचंही जिवावर येतं.

आता, कोणत्या लक्षणांकडे बघून उपयोग नाही ते सांगतो, कारण तुमचा गोंधळ तिथेच झालाय. अंडं बंद होणं, तुरा फिका पडणं, वजन उतरणं, शेपटीखालच्या दोन हाडांमधलं अंतर कमी होणं, ही चारही खुडूकपणातही होतात आणि आजारातही. खुडूक झाली की शरीरात प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, बीजकोश आकसतो, अंड्यांचं काम थांबतं, आणि तुऱ्याचा लालपणा त्या कामावरच अवलंबून असतो. त्यामुळे फिका गुलाबी तुरा चालेल. कागदासारखा पांढरा चालणार नाही, तिथे रक्त कमी झालंय. टोकाकडून निळा-जांभळा तर अजिबात नाही.

उपयोगाच्या खुणा या. एक, छाती. पिसं बाजूला करून बघा: खुडूक कोंबडी छाती-पोटाची पिसं स्वतःच उपटते, मधे उघडी कातडी दिसते, हाताला चांगली गरम लागते, आणि उपटलेली पिसं खोक्यात पसरलेली असतात. आजाराने कुणी छातीची पिसं अशी नीटनेटकी उपटत नाही. दोन, गळ्याखालची अन्नपिशवी, आणि ही पहाटे, काही खायच्या आधी बघायची. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. पहाटेही दगडासारखी कडक असेल तर आत गवत, सुतळी, नाहीतर आपल्या मुंबईत प्लास्टिकची पट्टी अडकलीय. पाणी भरलेल्या फुग्यासारखी असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर ती पिशवी नासलीय. उलटी धरून ओकवायचा प्रकार करू नका, ते पाणी श्वासनळीत जातं. तीन, छातीचं मधलं हाड. पाच दिवसांच्या खुडूक कोंबडीचं हाड हाताला लागतं, पण दोन्ही बाजूंना मांस असतं. सुरीच्या धारेसारखं वर आलं असेल तर आजार पाच दिवसांचा नाही, त्याहून जुना आहे.

धापेचं म्हणाल, तर उन्हाची धाप जलद, एका लयीत आणि बिनआवाजाची असते, पंख अंगापासून थोडे सुटलेले. सावलीत वाऱ्यावर ठेवली की दहा-पंधरा मिनिटांत थांबते. मान लांब करून, प्रत्येक श्वासाला घर्रघर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ती छातीची तक्रार. रात्री सगळं शांत झाल्यावर तिच्या पाठीला कान लावा, चांगलं ऐकू येतं.

चाळ_खोली_नऊ

एवढं काय त्यात? थंड पाण्याच्या बादलीत तीनदा बुचकळा, नाहीतर नाकपुडीतून पीस आरपार घाला, दोन दिवसांत खुडूक उतरतं. आमच्याकडे सगळे हेच करतात. आणि आजाराचा संशय असेल तर टेट्रासायक्लिनची पुडी पाण्यात टाकून द्या, नुकसान काही नाही.

पक्षीवैद्य

दादा, तिन्ही नकोत, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नाकातल्या पिसाने हार्मोनला काही होत नाही. कोंबडी त्या त्रासाने दिवसभर डोकं घासत फिरते, म्हणून बसत नाही इतकंच. नाकपुडी सुजते, चिघळते, आणि खरोखरची सर्दी नंतर सुरू होते.

थंड पाण्यामागचा विचार अर्धा बरोबर आहे. पोटाखालची ऊब तोडली की खुडूकपणा उतरतो. पण आपल्या दमट हवेत भिजलेली कोंबडी संध्याकाळपर्यंत वाळत नाही, आणि ती मुळात आजारी निघाली तर तुम्ही तापलेल्या माणसाला रात्रभर ओल्या कपड्यात ठेवल्यासारखं झालं. तीच ऊब वाऱ्याने तोडता येते, वळचण सांगतीलच.

पुडीचं नुकसान आहे. रोग कळलेला नसताना दिलेलं प्रतिजैविक खुडूक कोंबडीला लागतच नाही, अंडं अडकलेलीला उपयोगी नाही, आणि खऱ्या जंतुसंसर्गात अर्ध्या मात्रेत गेलं तर पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. शिवाय चारही कोंबड्या त्याच भांड्यातलं पाणी पिणार, म्हणजे बाकी तिघींच्या अंड्यांत औषध उतरणार आणि ती अंडी घरातली मुलं खाणार. आणखी एक: अंड्याच्या कवचासाठी देतात तो शिंपल्यांचा चुरा आणि टेट्रासायक्लिन एकत्र पोटात गेलं की कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं.

पडवी_भांडुप ताई, वळचणांनी सांगितलेली सकाळची चाचणी करा आणि विष्ठेचा रंग नीट बघून लिहा. तपकिरी किंवा हिरवट, वर पांढरी टोपी, घट्ट, ही ठीक. कमी खाल्लं की पित्तामुळे थोडा हिरवेपणा येतो. पण गवती हिरवं पाणी, रक्त, किंवा पिवळा फेस दिसला तर बाकी काही न बघता सांगा. हिरव्या हगवणीसोबत मान वाकडी होत असेल किंवा पाय लुळा पडत असेल तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा विचार करावा लागतो. लसी झाल्यात का? पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात लासोटा किंवा एफ-वनचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बीचं इंजेक्शन?

पडवी_भांडुप

लासोटा आणि आर-टू-बी दोन्ही झालंय, देवीची लसही.

आज सव्वासातला बाहेर काढली. अंडं हाताला लागलं नाही, ना बाहेरून ना आतून. दीड मिनिट दगडासारखी बसली, मग झटक्यात उठून आरडाओरडा. विष्ठा मोठी, तपकिरी-हिरवट, वर पांढरं. वासाबद्दल वळचण बोलले ते कमीच होतं. दोन मुठी कणी खाल्ली, भरपूर पाणी प्याली, बाविसाव्या मिनिटाला खोक्यात परत. पहाटे पिशवी रिकामी होती. छातीवर तळहाताएवढी जागा उघडी, गरम. मधलं हाड लागतं पण धारदार नाही. सावलीत धाप थांबली.

म्हणजे सासूबाई जिंकल्या असं म्हणणार होते, पण दोन गोष्टी खटकतात. तुरा फिका गुलाबीपेक्षा पांढऱ्याकडे झुकतोय. आणि शेपटीखालची पिसं मुळाशी काळपट, मळ चिकटल्यासारखी. ती बघताना माझ्या मनगटावर काहीतरी अगदी बारीक चालत होतं, तासभर खाज सुटली.

पक्षीवैद्य

सासूबाई जिंकल्या, पण सामना संपलेला नाही. कोंबडी खुडूक आहे आणि तिच्या अंगावर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत. दोन्ही एकाच वेळी असणं अगदी नेहमीचं, आणि "खुडूकच आहे, उतरेल" म्हणून सोडून दिलेल्या कोंबड्या बऱ्याचदा यातच जातात.

कारण साधं आहे. एरवी कोंबडी दिवसभर फिरते, मातीत लोळते, पिसं चोचीने साफ करते. खुडूक झाली की ते सगळं वीस मिनिटांवर येतं. उरलेला वेळ गरम, अंधाऱ्या, न हलणाऱ्या अंगावर कुणीही बिनधास्त वस्ती करावी. ती आधीच कमी खातेय, त्यात रोज रक्त चाललंय. म्हणून तुरा गुलाबीवर न थांबता पांढरा व्हायला लागला.

आता कोणता प्रकार ते ठरवा, कारण उपाय कुठे करायचा ते त्यावर आहे. दिवसाढवळ्या शेपटीखाली काळपट थर आणि हातावर चालणारे बारीक ठिपके, म्हणजे अंगावरच राहणारा माइट. तो थर म्हणजे त्यांची विष्ठा, कात आणि सुकलेलं रक्त. दुसरा प्रकार दिवसा कोंबडीवर सापडत नाही, खुराड्याच्या फटींत आणि दांडीच्या खाचांत लपतो आणि रात्री रक्त प्यायला चढतो. त्यासाठी रात्री नऊ-साडेनऊला टॉर्च घेऊन जा आणि पांढरं फडकं दांडीच्या खालून आणि खोक्याच्या सांध्यांवरून दाबून फिरवा. फडक्यावर लाल रेघा उमटल्या तर तोही आहे. रेघा नसतील तर फक्त अंगावरचा.

अंगावरच्यासाठी कोंबड्यांना चालणारी परमेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी डॉक्टरांकडून किंवा पशुऔषधांच्या दुकानातून घ्या, मात्रा पाकिटावरची. जुन्या सुती मोज्यात भुकटी भरून तोंड बांधा आणि शेपटीखाली, दोन्ही पंखांखाली, मानेच्या मागे पिसं उलटी करून मोजा थोपटा. डोळे-चोच वाचवा, तुमच्या नाकावर रुमाल बांधा. छातीच्या उघड्या जागेवर नको. चारही कोंबड्यांना एकाच दिवशी. एक सोडली तर सगळं परत. माइटची अंडी औषधाने मरत नाहीत म्हणून सात दिवसांनी पुन्हा, आणि त्यानंतर सात दिवसांनी तिसऱ्यांदा. दुसरी वेळ बहुतेक जण करतात, तिसरी वेळ विसरतात, आणि महिन्याभराने औषधाला नावं ठेवतात. बाकी तिघी अंडी देतायत, ती किती दिवस खायची नाहीत ते औषध घेताना विचारून घ्या.

मांजरं येत असतील तर भुकटी सांडू देऊ नका. परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे.

खोक्यातला पेंढा पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी बाहेर. पडवीच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवला तर काही उपयोग नाही. लाकडाच्या फटींत उकळतं पाणी, वाळलं की चुन्याचा हात. राखेचं म्हणाल तर लाकडाची कोरडी राख आणि वाळू यांचं लोळणं चांगलंच, पण आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत राख दोन दिवसांत ओली होते आणि मग ती नुसती चिखल. घमेल्यात ठेवा, रात्री आत घ्या.

रक्त भरून यायला प्रथिनं द्या. उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून दिवसाआड अर्धं, किंवा मीठ नसलेला सुका जवळा रोज चमचाभर. जास्त दिलात तर तिघींच्या अंड्यांना जवळ्याचा वास येईल, घरात कुणी शाकाहारी पाहुणे यायचे असतील तर विचार करा.

पाच-सहा दिवसांत तुरा आणखी पांढरा झाला, किंवा ती उभी राहताना झुलायला लागली, तर परळला आणा. बैलघोडा हे जनावरांचं हॉस्पिटल तिथे आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच. निघण्याआधी फोन करून पक्षी कधी बघतात ते विचारा. पुठ्ठ्याच्या खोक्याला चारही बाजूंनी भोकं पाडून, तळाला गोणपाट घालून आणा. गुळगुळीत पुठ्ठ्यावर पाय घसरून सांधे दुखावतात. आणि सकाळची ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत सोबत. नुसत्या कोंबडीपेक्षा त्या डबीवरून जास्त कळतं.

उत्तनकर

मुलाचं समाधान करायचं राहिलं. बर्ड फ्लू असा पाच दिवस गुरगुरत बसत नाही. २००६ ला नवापूरला किंवा २०२१ ला परभणीच्या मुरुंब्याला झालं तसं, एकीमागून एक मरतात. चेहरा सुजतो, तुरा निळा-काळा पडतो, पायांवर लाल चट्टे. चारातली एक बसलीय आणि तीन धडधाकट आहेत, हे ते चित्र नाही. मात्र कधी एकदम दोन-तीन मेल्या किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला किंवा पालिकेला कळवायचं. कापून बघायचं नाही, पुरायचं नाही.

पडवी_भांडुप

मुलगा थोडा हिरमुसला, पण पटलं. रात्री फडकं फिरवलं, रेघा नाहीत. म्हणजे अंगावरचाच.

आता खुडूकपणाचं काय करू? तशीच बसू दिली तर एकवीस दिवसांनी आपोआप उठेल ना? की कुठून तरी अंडी आणून रवणाला, म्हणजे उबवायला, बसवू? सासूबाईंची तीच इच्छा आहे.

वळचण

एकवीस दिवस हे पिल्लाचं गणित आहे, कोंबडीचं नाही. खाली अंडी नसतील किंवा फळलेली नसतील तर पिल्लाचा आवाज येत नाही आणि ती थांबत नाही. सहा-सहा, आठ-आठ आठवडे बसलेल्या असतात. माइट लागलेली कोंबडी इतकी बसवायची नाही.

रवणाला बसवायची असेल तर आधी औषधाच्या तिन्ही पाळ्या, म्हणजे पंधरा दिवस, आणि तुरा पुन्हा गुलाबी. तोपर्यंत खुडूक उतरलंही असेल. आणि दुकानातली पांढरी अंडी उबवून काही निघत नाही, त्या कोंबड्यांना कोंबडा दिसलेलाच नसतो. कोंबडा असलेल्या घरून, आठवड्याच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली अंडी लागतात. गावठी कोंबडीखाली आठ ते दहा नीट मावतात, ती रात्री अंधारात सरकवायची. पण ताई, निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असतात आणि चार-पाच महिन्यांत ते आरवायला लागतात. शेजाऱ्यांचा विचार तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये केलाय.

उतरवायचं असेल तर आज पहिली भुकटी लावा आणि आजच पिंजऱ्यात घाला. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. सगळ्या बाजू जाळीच्या आणि मुख्य म्हणजे तळही जाळीचा, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. तळाला पेंढा, गोणपाट, पुठ्ठा काही नाही. पिंजरा जमिनीपासून वर हवा, खालून वारा गेला पाहिजे. ती बसते तेव्हा उघडी छाती जाळीवर टेकते, ऊब साठत नाही, अंगाला घरट्याचा स्पर्श नाही, आणि दोन-तीन दिवसांत प्रोलॅक्टिन उतरायला लागतं. खाणं-पाणी चोवीस तास, उजेडात पण सावलीत. उपाशी ठेवायचं नाही, ती काही शिक्षा भोगत नाहीये.

लोक पिंजरा दोन विटांवर ठेवतात तिथे मुंबईत घोटाळा होतो. रात्री घुशी खालून येतात आणि जाळीतून पायाची बोटं कुरतडतात. अडीच-तीन फूट उंचीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर साखळीने टांगा. पिंजऱ्याच्या पायांचा आधार घेऊन घूस चढत असेल तर पत्र्याचा डबा उलटा करून पायात घाला.

तीन रात्री झाल्या की सकाळी सोडा. खोक्याचं तोंड फळीने बंद असू दे. पिसं अंगाला बसलेली, कुडुक-कुडुक बंद, बाकीच्यांबरोबर उकिरडा उकरायला लागली, तर उतरलं. बंद खोक्यासमोर फुगून फेऱ्या मारत असेल तर आणखी दोन दिवस आत. खरी खूण संध्याकाळी कळते: अंधार पडताना बाकीच्यांबरोबर दांडीवर चढली की झालं. खुडूक कोंबडी दांडीवर झोपत नाही.

अंडं लगेच मागू नका, दोन-तीन आठवडे जातात, हिच्या बाबतीत रक्त भरायचंय म्हणून थोडे जास्तही. पहिली एक-दोन लहान किंवा पातळ कवचाची आली तर घाबरायचं कारण नाही, पण तोवर शिंपल्यांचा चुरा सुरू झालेला असू दे. बाजारातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, उन्हात वाळवून, खलबत्त्यात डाळीएवढ्या कुटायच्या. पीठ करायचं नाही, मोठा कण पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्री कवच बनतं तेव्हा उपयोगी पडतो. वेगळ्या वाटीत ठेवा, भरड्यात मिसळू नका. कुणाला किती हवं ते त्या बरोबर बघून घेतात.

पडवी_भांडुप

पिंजरा टांगलाय, भुकटी लागली, बाकी तिघींनाही. तिसऱ्या पाळीची तारीख कॅलेंडरवर सासूबाईंनीच लिहून ठेवलीय, दुधाच्या हिशोबाखाली. एक शंका: पिंजऱ्यात पाण्याचं भांडं सारखं पालथं करतेय.

उत्तनकर

भांडं आत ठेवू नका. बाहेरून जाळीला तारेने बांधा, काठ तिच्या पाठीच्या उंचीला येईल असा, मान बाहेर काढून पिईल. जाळीचं भोक लहान पडत असेल तर तिथल्या दोन तारा पकडीने कापून टोकं बाहेर वळवा, नाहीतर तुरा फाटतो. या उन्हात दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, भांडं त्याच्या दुप्पट मापाचं घ्या आणि दुपारी एकदा बदला.